कंपवातातील सांघिक उपशामक परिचर्या

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन रोग, हा मेंदूचा हळूहळू वाढत जाणारा व पूर्णपणे बरा न होणारा विकार आहे. त्याच्या प्रगत अवस्थेत रुग्णाच्या यातना कमी करणे, त्याचे उर्वरित आयुष्य शक्य तितके सुसह्य करणे आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना आधार देणे, या हेतूने वैद्य, परिचारिका, भौतिकोपचारज्ञ, वाचोपचारज्ञ, आहारतज्ञ, समाजसेवक इत्यादींनी मिळून केलेल्या सेवेस सांघिक उपशामक परिचर्या म्हणतात. व्यवहारात या सेवेसाठी ‘पॅलिएटिव्ह केअर’ ही संज्ञा रूढ आहे. कंपवातावरील औषधोपचार व उपशामक परिचर्या या दोहोंच्या अर्वाचीन इतिहासाला १९६७ या एकाच वर्षी निर्णायक वळण लागले. तथापि हे दोन प्रवाह एकत्र येण्यास पुढे सु. चाळीस वर्षे लागली. प्रस्तुत नोंदीत हा इतिहास, त्यातील महाराष्ट्राचा वाटा आणि बुलढाण्यासारख्या मुख्यतः ग्रामीण जिल्ह्यात या परिचर्येला उपलब्ध असलेला पाया यांचा परामर्श घेतला आहे.

रोगाचे स्वरूप : मध्य मेंदूतील कृष्णद्रव्य नावाच्या भागातील तंत्रिका कोशिका डोपामीन हा रासायनिक पदार्थ तयार करतात. या कोशिकांचा ऱ्हास झाल्याने स्नायूंच्या हालचालींवरील नियंत्रण बिघडते. हातापायांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा व तोल जाणे ही रोगाची प्रमुख लक्षणे होत. सर्वच रुग्णांत कंप आढळतो असे नाही. ज्यांचे हात कापत नाहीत, त्यांचा मंदपणा व वाकलेली चाल वार्धक्याची म्हणून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो. बद्धकोष्ठता, निद्रानाश, औदासीन्य, उभे राहताच रक्तदाब उतरणे, वेदना, भास व स्मृतिभ्रंश ही हालचालींशी संबंध नसलेली लक्षणे पुष्कळदा कंपापेक्षाही अधिक क्लेशदायक ठरतात. प्रगत अवस्थेत गिळणे अवघड होते, आवाज क्षीण होतो, चालताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात आणि रुग्ण अखेरीस अंथरुणाला खिळतो. अन्नाचे कण श्वासमार्गात जाऊन होणारा फुप्फुसशोथ, पडल्यामुळे होणारा अस्थिभंग व शय्याव्रण या उपद्रवांमुळे मृत्यू ओढवू शकतो. कर्करोगाच्या तुलनेत या रोगाची वाटचाल दीर्घ व अनिश्चित असते. शेवटचा टप्पा केव्हा सुरू झाला, हे नेमके सांगता येत नाही.

रोगज्ञानाचा व उपचारांचा इतिहास : आयुर्वेदात वातविकारांच्या वर्णनात कंप व वेपथू यांचा निर्देश येतो. वातविकारांवर सांगितलेल्या औषधींमध्ये कपिकच्छू, म्हणजे खाजकुइली, ही वनस्पती आहे. आधुनिक वैद्यकात लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध लिहून रोगाचे सुसंगत वर्णन केले. पुढे फ्रेंच तंत्रिकाविज्ञ झां मार्तँ शार्को यांनी त्यात भर घातली व रोगाला पार्किन्सन यांचे नाव रूढ केले.

खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे केल्याचे मद्रास येथील एम्. दामोदरन व आर्. रामस्वामी यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी या द्रव्याचा कंपवाताशी असलेला संबंध ज्ञात नव्हता. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास डोपामिनाचे मेंदूतील कार्य दाखवून दिले व त्याबद्दल त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा सहभाग मिळाला. ऑस्ट्रियातील ओलेह हॉर्निकिएविच व त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन अत्यल्प असल्याचे सिद्ध केले. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्सियास यांनी डोपाच्या वाढत्या मात्रा दीर्घकाळ देऊन रुग्णांत लक्षणीय सुधारणा घडवून आणली. त्याच वर्षी मार्गारेट होन व मेल्व्हिन यार यांनी रोगाच्या तीव्रतेच्या पाच अवस्थांची श्रेणी प्रसिद्ध केली. मुंबईत अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुइलीच्या चूर्णाचा कंपवातावरील उपयोग तपासून त्याचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले.

लेव्होडोपामुळे रुग्णांचे आयुष्य पालटले. परंतु काही वर्षांनंतर प्रत्येक मात्रेचा परिणाम लवकर ओसरू लागतो व अनैच्छिक हालचाली उद्‌भवतात. १९८७ पासून विकसित झालेल्या मेंदूतील खोल विद्युत् उद्दीपनाच्या शस्त्रक्रियेने निवडक रुग्णांना लाभ होतो. तथापि रोगाची प्रगती थांबविणारा उपाय अद्याप उपलब्ध नाही. औषधांनी रुग्णाची चांगली वर्षे वाढविली. त्या वर्षांनंतर येणाऱ्या परावलंबी काळाचा विचार मात्र वैद्यकाने फार उशिरा केला.

उपशामक परिचर्येचा उदय : परिचारिका, समाजसेविका व वैद्य या तिन्ही नात्यांनी काम केलेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस ही संस्था सुरू केली. मरणासन्न रुग्णाची वेदना केवळ शारीरिक नसून ती मानसिक, सामाजिक व आध्यात्मिकही असते, हा त्यांचा मूलभूत विचार होय. अशा वेदनेला एकटा वैद्य पुरा पडत नाही, म्हणून संघाची आवश्यकता निर्माण झाली. कॅनडातील शल्यविशारद बॅल्फोर माउंट यांनी १९७५ च्या सुमारास माँट्रिऑल येथील रुग्णालयात असा विभाग उघडला व ‘पॅलिएटिव्ह केअर’ ही संज्ञा प्रचारात आणली.

ही चळवळ प्रारंभी जवळजवळ सर्वस्वी कर्करोगापुरती मर्यादित होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० च्या व्याख्येत रोगनिवारक उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांची समग्र शुश्रूषा असा अर्थ होता. २००२ च्या सुधारित व्याख्येत प्राणघातक आजाराला सामोरे जाणारे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय या दोहोंचा समावेश झाला आणि ही सेवा आजाराच्या आरंभापासून इतर उपचारांबरोबर द्यावी असा विचार मान्य झाला. या बदलामुळे कंपवातासारख्या दीर्घ रोगांना उपशामक परिचर्येत तत्त्वतः स्थान मिळाले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सर्व राष्ट्रांनी ही सेवा आपल्या आरोग्यव्यवस्थेत समाविष्ट करावी, असा ठराव केला.

भारत व महाराष्ट्र : भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत स्थापन झाले. कर्करोग शल्यविशारद एल्. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. टाटा स्मारक रुग्णालयात १९९६ मध्ये उपशामक वैद्यकाचा विभाग निघाला आणि १९९७ मध्ये पुण्यात सिप्ला प्रतिष्ठानाचे उपशामक परिचर्या केंद्र सुरू झाले. विदर्भात नागपूरच्या ‘स्नेहांचल’ या संस्थेने हे कार्य हाती घेतले. या सर्व संस्थांचा भर कर्करुग्णांवर राहिला.

केरळात वेगळा मार्ग चोखाळला गेला. कोझिकोडे येथे एम्. आर्. राजगोपाल, सुरेश कुमार इत्यादींनी १९९३ मध्ये वेदनाशमन केंद्र काढले. त्यातून पुढे गावोगावच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले व परिचारिकांच्या गृहभेटी हा सेवेचा कणा बनला. या जाळ्यात पक्षाघात, वार्धक्य व तंत्रिका तंत्राचे जुनाट विकार यांनी अंथरुणास खिळलेल्या रुग्णांनाही स्थान मिळाले. केरळ शासनाने २००८ मध्ये उपशामक परिचर्येचे धोरण जाहीर केले, तर महाराष्ट्राचे धोरण २०१२ मध्ये आले. केंद्र शासनाचा राष्ट्रीय उपशामक परिचर्या कार्यक्रमही २०१२ चाच आहे. मादक द्रव्यांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फीन मिळणे अवघड झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने ती अडचण पुष्कळ अंशी दूर केली.

कंपवाताच्या बाबतीत महाराष्ट्रातील कार्य प्रथम रोगाच्या मोजणीपासून व नंतर रुग्णांच्या संघटनेपासून सुरू झाले. नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० व्यक्तींची पाहणी करून १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीत ४६ रुग्ण आढळले, म्हणजे दर लाखात सु. ३२८. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने हा आकडा इतर समाजांना जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु आयुर्मान वाढले की रोगही वाढतो, हे त्यातून स्पष्ट होते. जगातील कंपवाताच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सु. २५ लाख होती. २०१६ मध्ये ती सु. ६१ लाख असल्याचा अंदाज आहे.

तंत्रिकाविज्ञ भीम सेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये मुंबईत कंपवात व हालचालींचे विकार यांसाठी एक संस्था स्थापन झाली. ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्या आधारगटांत भौतिकोपचार, वाचोपचार, मानसिक समुपदेशन व आहारविषयक मार्गदर्शन एकाच ठिकाणी मिळू लागले. पुण्यात रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांनी ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ हा स्वमदत गट उभारला. तेथेच हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. या संस्थांनी आपल्या कार्याला उपशामक परिचर्या हे नाव दिले नसले, तरी संघाने काम करणे आणि कुटुंबाला सेवेचा घटक मानणे ही तिची दोन तत्त्वे त्यांच्या कार्यात आढळतात. मात्र जे रुग्ण घराबाहेर पडू शकतात, त्यांनाच अशा गटांचा पुरेपूर लाभ होतो.

दोन प्रवाहांचा संगम : ब्रिटनमधील डी. जी. मॅकमहॉन व एस्. टॉमस यांनी १९९८ मध्ये कंपवाताच्या वाटचालीचे निदान, स्थैर्य, गुंतागुंत व उपशमन असे चार टप्पे मांडले. रोगाच्या व्यवस्थापनात उपशमनाला स्वतंत्र स्थान देणारी ही मांडणी महत्त्वाची मानतात. अमेरिकेतील दोन व कॅनडातील एका विद्यापीठ केंद्रात बेंझी क्लुगर यांच्या नेतृत्वाखाली २१० रुग्ण व त्यांची शुश्रूषा करणाऱ्या १७५ व्यक्तींवर तुलनात्मक चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना तंत्रिकाविज्ञ, परिचारिका, समाजसेवक व आध्यात्मिक समुपदेशक यांच्या संघाची आणि गरजेनुसार उपशामक वैद्यकतज्ञाच्या मार्गदर्शनाची जोड मिळालेल्या रुग्णांचे जीवनमान सहा महिन्यांनी तुलनेने अधिक चांगले असल्याचे दिसले. शुश्रूषा करणाऱ्यांवरील भारात फरक दिसण्यास मात्र बारा महिने लागले. कुटुंबाचा थकवा हा अल्पकालीन भेटींनी हलका होणारा नाही, असा याचा अर्थ घेता येतो.

संघाची आवश्यकता : कंपवातात संघ असणे ही केवळ सोय नव्हे, तर रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कर्करुग्णांच्या उपशामक सेवेत मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड व भ्रमावर हॅलोपेरिडॉल ही औषधे नेहमी वापरली जातात. ही दोन्ही औषधे डोपामिनाच्या कार्यास अवरोध करतात. त्यामुळे कंपवाताच्या रुग्णाचा ताठरपणा वाढून तो पूर्णपणे जखडला जाऊ शकतो. त्यांच्याऐवजी मळमळीसाठी डोम्पेरिडोन व भासांसाठी क्वेटियापीन यांसारखी औषधे सावधगिरीने देतात. गिळता येत नाही म्हणून लेव्होडोपा एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. तीव्र ताठरपणा व ज्वर येऊन रुग्ण दगावू शकतो. अशा वेळी नाकातून घातलेल्या नळीने किंवा त्वचेवर चिकटवावयाच्या पट्टीने औषध चालू ठेवावे लागते. याउलट केवळ कंपवाताचा विचार करणारा तज्ञ भास वाढत असतानाही औषधांच्या मात्रा वाढवीत राहण्याचा संभव असतो. तंत्रिकाविज्ञ व उपशामक वैद्य यांपैकी एकाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत न पोहोचल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

संघातील इतरांची कामेही अशीच परस्परांना पूरक असतात. भौतिकोपचारज्ञ उठणे, बसणे व कुशीवर वळणे यांच्या सुलभ पद्धती घरच्यांना शिकवितो. वाचोपचारज्ञ गिळण्याची तपासणी करून अन्नाचा दाटपणा ठरवितो. आहारतज्ञ प्रथिने व औषध यांच्या वेळा वेगळ्या करून देतो. कारण डाळी, दूध इ. प्रथिनयुक्त अन्न लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणते आणि म्हणून हे औषध जेवणापूर्वी सु. अर्धा ते पाऊण तास घेणे श्रेयस्कर असते. परिचारिका मलावरोध, लघवी, त्वचा व वेदना यांवर लक्ष ठेवते. समाजसेवक शासकीय साहाय्य मिळवून देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये कंपवात हा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत गणला गेला असून त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते.

बुलढाणा जिल्हा : अमरावती विभागातील या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ९,६५० चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यांपैकी सु. ७९ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावे आहेत. मुंबई–नागपूर लोहमार्ग घाटाखालून जातो. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण लोहमार्गावर नाही. विशेषज्ञाच्या सल्ल्यासाठी येथील रुग्णांना पूर्वापार अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागत आले आहे. ज्याला खाटेवरून उठणेही कठीण, अशा रुग्णाला हा प्रवास झेपत नाही. म्हणून जी अवस्था संघाच्या सेवेची सर्वांत अधिक अपेक्षा करते, तिच्यातच रुग्ण तज्ञांपासून दुरावतो.

या परिस्थितीत शुश्रूषेचा सगळा भार घरावर, आणि घरातही मुख्यत्वे पत्नी, सून किंवा मुलगी यांच्यावर पडतो. प्रगत कंपवातात लेव्होडोपाच्या मात्रा दर तीन-चार तासांनी ठरल्या वेळी द्याव्या लागतात. निंदणी, सोयाबीनची सोंगणी व कापसाची वेचणी या हंगामांत घरातील धडधाकट माणसे दिवसभर शेतावर असतात. दुपारची मात्रा चुकली, की संध्याकाळी ती परत येईपर्यंत रुग्ण जागच्या जागी जखडून पडतो. रोजगारासाठी तरुण पिढी पुण्या-मुंबईकडे गेल्यामुळे पुष्कळ घरांत एका वृद्धाची शुश्रूषा दुसऱ्या वृद्धालाच करावी लागते. रात्रीचे भास हे रोगाचे किंवा औषधाचे लक्षण आहे, हे ठाऊक नसल्यास ती बाहेरची बाधा समजली जाते व उपचार लांबतो. आहारातील बदल मात्र येथील स्वयंपाकघरात सहज बसणारे आहेत. कोरडी भाकरी गिळता येत नसल्यास ती दुधात किंवा वरणात कुस्करून मऊ करता येते. ज्वारीच्या कण्या, आंबील व पातळ पिठले यांचा दाटपणा रुग्णाच्या गिळण्यानुसार कमीजास्त करता येतो. दूध व डाळीचे पदार्थ औषधाच्या वेळेपासून दूर ठेवणे एवढे पथ्य त्यात सांभाळावे लागते.

सेवेची चौकट जिल्ह्यात काही अंशी उपलब्ध आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी आशा कार्यकर्त्या दिल्या. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या विस्तारित सेवांत वृद्धांची व उपशामक परिचर्या यांचा अंतर्भाव केला. या केंद्रांना २०२३ पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ या दूरवैद्यक सेवेमुळे आरोग्य केंद्रातून दूरच्या तज्ञाचा सल्ला घेता येतो. लेव्होडोपा-कार्बिडोपा हे संयुक्त औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. त्यामुळे विशेषज्ञ व प्रशिक्षण यांची सोय जिल्ह्यातच होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे.

स्वयंसेवेची परंपराही जिल्ह्यास परकी नाही. शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने विनामोबदला सेवा करतात. तेथील शिस्त व स्वच्छता सर्वश्रुत आहे. केरळातील परिचर्येचे जाळे अशाच सामान्य माणसांच्या ठरावीक तासांच्या सेवेवर उभे राहिले. भेद इतकाच, की तेथे सेवाभावाला रीतसर प्रशिक्षणाची जोड मिळाली. रुग्णाला भरविताना त्याला किती सरळ बसवावे, कोणत्या वेळी कोणती गोळी द्यावी, पाठीवर लाली दिसताच काय करावे, या गोष्टी केवळ भक्तीने कळत नाहीत. त्या शिकवाव्या लागतात. अशी जोड मिळाल्यास शेजारच्या माणसाने आठवड्यातून काही दुपारी रुग्णाजवळ बसणे हेही परिचर्येचे महत्त्वाचे अंग ठरते, कारण तेवढा वेळ घरच्या बाईला विसावा मिळतो व औषधाची वेळ चुकत नाही.

रुग्णाची इच्छा व कायदा : कंपवाताच्या अखेरच्या काळात वाचा क्षीण होते व पुष्कळदा बुद्धीही मंदावते. त्यामुळे नळीने अन्न द्यावे काय, कृत्रिम श्वसनयंत्र लावावे काय, मृत्यू घरी यावा की रुग्णालयात, या बाबतींत रुग्णाचे मत तो बोलू शकत असतानाच विचारून ठेवणे हे संघाचे कर्तव्य मानले जाते. भारतात या प्रश्नाची कायदेशीर चर्चा मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने पुढे आली. १९७३ मधील अत्याचारानंतर त्या तेथेच दीर्घकाळ अचेतन अवस्थेत होत्या व सहकारी परिचारिकांनी २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या प्रकरणात जीवरक्षक उपचार थांबविण्यास अनुमती नाकारली. परंतु कडक अटींवर तसे करण्याचे तत्त्व मान्य केले. २०१८ च्या निर्णयाने सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ वैद्यकीय निर्देश यांना मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. असा निर्देश आता दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो.

ग्रामीण कुटुंबांत अशा निर्णयांची लेखी नोंद करण्याचा प्रघात नाही. वडीलधाऱ्यांसमोर मरणाचा विषय काढणे अशुभ समजले जाते व आजाराचे खरे स्वरूप रुग्णापासून लपविण्याकडे कल असतो. म्हणून कायद्याने दिलेला हक्क रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी, घरच्यांचा विश्वास संपादन केलेल्या परिचारिकेने किंवा आशा कार्यकर्तीने हा विषय वेळीच आणि हळुवारपणे काढणे आवश्यक असते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात कंपवाताच्या उपशामक संघाची सुरुवात मोठ्या इमारतीपासून नव्हे, तर औषधांच्या वेळा, टाळावयाची औषधे, गिळण्याची स्थिती व रुग्णाने सांगितलेली इच्छा यांची नोंद असलेल्या व घरापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सर्वांनी वाचावयाच्या एका वहीपासूनही होऊ शकते.